घड्याळाची चेन : घरी छोटी करावी की मेन रोडला न्यावी?

साखरपुड्यात माझ्या भाच्याला सासरकडून घड्याळ आलं. स्टीलची चेन, निळी डायल, दिसायला देखणं. पण पोराचं मनगट बारीक. हात वर केला की घड्याळ कोपराकडे घसरायचं, खाली सोडला की हाडावर आपटायचं. लग्नाला चार दिवस राहिलेले. "मामा, मी व्हिडिओ बघितलाय, दहा मिनिटांचं काम आहे, आपणच करू," तो म्हणाला. ताई म्हणाली, "काही नको, नवं घड्याळ आहे, मेन रोडला घेऊन जा." मेन रोड म्हणजे आमच्या जुन्या नाशकातली घड्याळजींची जागा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. पण ती चेन उलटी करून दोघांपैकी कोणीच बघितली नव्हती.

माझ्या मते सगळा निर्णय तिथेच होतो. घरी की दुकानात, हे कड्यांच्या पोटात कोणती पिन आहे त्यावर ठरतं. म्हणून आधी खिडकीजवळ उजेडात बसा, चेन उलटी करा आणि कड्यांची आतली बाजू आणि काठ नीट बघा. बारीक दिसत नसेल तर मोबाईलनं जवळून फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. घरातल्या भिंगापेक्षा त्यात जास्त कळतं.

चेन उलटी केल्यावर काय दिसतं

लॉकच्या दोन्ही बाजूंच्या तीन-चार कड्यांवर आतून बारीक बाण कोरलेले असतील, तर त्या काढता येणाऱ्या कड्या. बाण नसलेल्या कड्यांच्या वाट्याला जायचं नाही. बाण सांगतो की पिन कोणत्या दिशेनं बाहेर ढकलायची. परत बसवताना उलट, म्हणजे बाणाच्या टोकाच्या बाजूनं आत घालायची. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या स्टीलच्या घड्याळांत बहुतेक वेळा हाच प्रकार सापडतो. आत चिरलेली पिन असते. पिनेचं एक टोक मधोमध चिरलेलं असतं, ते थोडं फाकतं आणि त्या ताणावर पिन कडीत घट्ट राहते. बसवताना अखंड टोक आधी आत जातं, चिरलेलं टोक शेवटी. हे उलटं झालं तर पिन आत गेल्यासारखी दिसते, पण तिची पकड बसत नाही.

ही चेन घरी करा. मनापासून सांगतो, शांतपणे बसलात तर जमते.

दुसरा प्रकार वरून अगदी तसाच दिसतो आणि तिथेच फसगत होते. बाण असतात, काठाला गोल टोक दिसतं, सगळं तेच. पण पिन बाहेर आली की तिची दोन्ही टोकं अखंड निघतात. असं झालं की हातातलं सगळं तिथल्या तिथे थांबवा. अशा चेनमध्ये पिनेला धरून ठेवायला एक बारीक नळी असते. तिला कॉलर म्हणतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला माणूस बुश म्हणेल. सेइकोच्या बऱ्याच चेनमध्ये ही असते. बहुधा मधल्या कडीच्या भोकात ती बसलेली असते, पिन निघाली की सैल होते आणि चेन जरा तिरकी झाली की टपकन पडते. साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान. फरशीवर पडली तर एकदा टिंग वाजतं आणि मग काही नाही. ती नळी न घालता पिन बसवली तर पिन आरामात आत जाते आणि तितक्याच आरामात एक दिवस बाहेर येते. घड्याळ रस्त्यावर पडण्याच्या गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या कित्येक या नळीपासून सुरू होत असणार.

ही चेन घरी करायला माझी हरकत नाही, पण पहिलीच वेळ असेल तर करू नका. आधी चिरलेल्या पिनेच्या एखाद्या जुन्या घड्याळावर हात बसवा.

तिसरा प्रकार स्क्रूचा. कडीच्या काठाला स्क्रूची खाच दिसते. इथे एक घोटाळा लक्षात ठेवा: चिरलेल्या पिनेचं टोकसुद्धा बाजूनं बघितलं तर खाच असल्यासारखंच दिसतं. लोक त्यात स्क्रूड्रायव्हर घालून पिळत बसतात आणि टोकाचा चुरा करतात. आतून बाण असेल, एका काठाला खाच आणि दुसऱ्या काठाला साधं गोल टोक असेल, तर बहुधा ती चिरलेली पिन आहे. पिळायच्या आधी आतला बाण शोधा, मगच हात लावा. आणखी एक, काही चेनमध्ये स्क्रूच्या दोन्ही टोकांना खाच असते. तिथे एका हातात एक असे दोन स्क्रूड्रायव्हर लागतात. नाहीतर एका बाजूनं पिळलं की दुसरं टोकही सोबत फिरत राहतं.

उरलेल्यांचं थोडक्यात. जाळीच्या पट्ट्याला कडी काढायचा प्रश्नच नाही. लॉकवरची छोटी पट्टी चपट्या स्क्रूड्रायव्हरनं उचलायची, लॉक सरकवायचं, पट्टी दाबायची. दोन मिनिटांचं घरचं काम. पत्रा दुमडून केलेल्या जुन्या चेन, ज्यांच्या कड्या आतल्या क्लिपांनी एकमेकींत अडकवलेल्या असतात, आणि रबरासारखी ताणली जाणारी स्प्रिंगची चेन, या दोन्ही सरळ घड्याळजींकडे न्या. दुमडलेला पत्रा दोन-तीनदा उघडला की मोडतो, आणि तो कुठवर वाकवायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं.

मेन रोडच्या काकांचा हात

जुन्या नाशकात मेन रोड, एम. जी. रोड, रविवार कारंजा या पट्ट्यात अजून अशी माणसं आहेत, की ज्यांचं दुकान म्हणजे एक काचेची पेटी, एक स्टूल आणि डोळ्याला लावायचं भिंग. मी ज्या काकांकडे जातो त्यांचं काम मी कित्येकदा बघत उभा राहिलोय. चेन लाकडी ठोकळ्याच्या खाचेत आडवी ठेवतात. पंच, म्हणजे पिन ठोकून बाहेर काढायची बारीक सळी, पिनेवर टेकवतात, आणि टेकवल्यावर एकदा मान वाकवून बाजूनं बघतात, सरळ आहे ना. मग हातोडीचा टक्, टक्. तिसऱ्या टक्ला पिन दुसऱ्या बाजूनं डोकं काढते. चिमट्यानं ओढली की ती थेट डाव्या हाताच्या चिमटीत, टेबलावर कधीच नाही. सगळं झाल्यावर अंगठ्याचं नख कडीच्या दोन्ही काठांवरून फिरवतात. पिन केसभर जरी वर राहिली असेल तर नखाला अडते. मग आणखी एक टक्.

घरी करताना आपण नेमकं हे शेवटचं विसरतो. पिन आत गेली, चेन जुळली, की लगेच घड्याळ हातात. नख फिरवा. वर राहिलेली पिन आज शर्टाच्या बाहीला अडकते आणि काही दिवसांत बाहेर सरकते.

त्यांनी माझ्याकडून शेवटच्या वेळी ५० रुपये घेतले, तीन कड्या काढून. घरच्या कामासाठी मी जो हत्यारांचा संच घेतला होता तो २५० रुपयांच्या आत आला: चेन उभी धरायचं खाचांचं प्लास्टिकचं स्टँड, बोटाएवढी हातोडी, तीन पंच आणि पिन ढकलायचं फिरकीचं यंत्र. म्हणजे घरात एकच घड्याळ असेल तर पैशांच्या हिशेबानं दुकान स्वस्त. घरात चार-पाच चेनची घड्याळं असतील तर संच वसूल होतो. जिथून नवीन घड्याळ घेता तिथे बहुतेक दुकानदार घेतानाच कड्या काढून देतात. तेव्हा लाजू नका, मागा.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. दुकानात तुम्ही माप देता ते त्या एका घडीचं. एसीतल्या शोरूममध्ये, सकाळी अकरा वाजता, मनगट थंड आणि कोरडं असतं. तिथे बरोबर बसलेली चेन मे महिन्यात दुपारी गाडीवरून घरी येईपर्यंत आवळू लागते, कातडीवर कड्यांचे वळ उमटतात. आणि निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीत तीच चेन मनगटावर गोल फिरते. मनगट उन्हाळ्यात आणि संध्याकाळी फुगतं, थंडीत आणि सकाळी आकसतं. त्यामुळे पहिलं माप कोणीही घ्यावं, पण दोन-तीन दिवस घालून बघितल्यावर जो फेरफार करायचा तो घरीच करता यायला हवा. प्रत्येक वेळी त्यासाठी मेन रोडच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधत कोण फिरणार?

आता दुकानाच्या विरुद्ध बाजूचंही सांगतो, कारण तेही माझ्याच बाबतीत झालंय. एका लग्नसराईत मी घाईत एका दुकानात चेन छोटी करून घेतली. गिऱ्हाइकांची रांग होती, काम करणारा मुलगा नवा होता, पाच मिनिटांत घड्याळ हातात दिलं. आठवड्यानं द्वारका चौकात सिग्नलला थांबलो होतो. हँडलवरून हात काढला आणि घड्याळ मांडीवर पडलं. मांडीवर पडलं म्हणून वाचलं. घरी येऊन बघितलं तर एक पिन अर्धी बाहेर, आणि चिरलेलं टोक चुकीच्या बाजूला. बाण त्यानं बघितलाच नव्हता. दुकानात दिलं म्हणजे काम बरोबरच झालं असं धरून चालू नका. घड्याळ हातात घेतलं की तिथेच उभं राहून नख फिरवा, चेन हलकेच ताणून बघा आणि काढलेल्या कड्या मोजून घ्या.

घरी करायचंच तर

स्वयंपाकघरातली मोठी परात घ्या. तिच्यात पांढरा किंवा फिक्या रंगाचा रुमाल अंथरा, म्हणजे पडलेली पिन उडणार नाही आणि दिसेल. सगळं काम परातीच्या वर करा, अगदी स्टँडसुद्धा परातीत ठेवा. पंखा बंद. घड्याळाच्या काचेवर आणि पाठीवर चिकटपट्टी लावा. हातोडी निसटली तर पहिला ओरखडा तिथेच पडतो.

बाजारात दोन तऱ्हेची हत्यारं मिळतात आणि दोन्ही वापरून माझं मत पक्कं झालंय. फिरकीचं यंत्र दिसायला सोपं: चेन खाचेत ठेवा, मूठ फिरवा, सुईसारखं टोक पिनेला ढकलतं. पण ते टोक पिनेच्या अगदी मधोमध नसेल तर यंत्राचंच टोक वाकतं नाहीतर मोडतं, आणि ते कडीला कोरून काढतं. स्वस्तातल्या यंत्राची खाच सैल असते, चेन त्यात डुलते. त्या मानानं हातोडी आणि पंच भीतीदायक वाटले तरी हातात अंदाज राहतो. पिन हलली की टक्चा आवाज बदलतो, हाताला कळतं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन टक् पंचानं, आणि पिन सुटली की बाकीची चिमट्यानं किंवा यंत्रानं हळूहळू. पंच पिनेपेक्षा किंचित बारीक हवा. जाड असेल तर भोकाचा काठ चेपतो. दाभण, टाचणी, सेफ्टी पिन यांनी हे काम करू नका. दाभणाचं टोक निमुळतं असतं, ते पिनेत रुतत जातं आणि चिरलेलं टोक आणखी फाकवून ठेवतं.

चार-पाच बेताच्या ठोक्यांत पिन हलली नाही तर जोर वाढवू नका. आधी बाण पुन्हा बघा. दहातल्या बऱ्याच वेळा आपण उलट बाजूनं ठोकत असतो. बाजू बरोबर असेल तर वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ कडीत बसलेला असतो. चेन घड्याळापासून वेगळी काढून कोमट साबणाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडी करा, मग बघा. तरीही नाही, तर घड्याळजी.

स्क्रूच्या चेनचं वेगळं. कारखान्यातून येतानाच बऱ्याचदा स्क्रूला डिंकासारखं पातळ द्रव लावलेलं असतं, म्हणून तो सहज फिरत नाही. जोर केला की खाच जाते आणि मग तो स्क्रू कोणालाच काढता येत नाही. चेन वेगळी करून केस वाळवायच्या ड्रायरनं त्या कडीला थोडी ऊब दिली की ते द्रव मऊ होतं. घड्याळ चेनला लावलेलं असताना ऊब देऊ नका. आतल्या रबरी रिंगा आणि सेल यांना ती मानवत नाही. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, ना सैल ना अरुंद. परत बसवताना लॉक्टाईट २२२ हे जांभळं, हलक्या पकडीचं द्रव टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच लावा आणि एक दिवस घड्याळ घालू नका. लाल २७१ लावू नका. तो मशिनच्या मोठ्या बोल्टांसाठी असतो, पुढच्या वेळी कडी उघडणं मुश्कील. टायटॅनियमची चेन असेल तर आणखी सावध, कारण त्या धातूचे आटे एकमेकांत घासून जाम होतात. महागडं स्क्रूचं घड्याळ आणि नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर नाही, असं असेल तर मी स्वतः कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो.

पाणी जाईल का, ही शंका बरेच जण विचारतात. चेन छोटी करताना घड्याळाची पाठ उघडत नाही, त्यामुळे पाण्यापासूनच्या संरक्षणाला काही होत नाही. ओरखडे आणि हरवलेल्या पिना एवढाच धोका. सोनेरी मुलामा किंवा काळा लेप असलेल्या चेनवर मात्र एक ओरखडासुद्धा कायमचा, कारण साध्या स्टीलसारखं तिला घासून सारखं करता येत नाही. आणि सिरॅमिकच्या चेनवर हातोडी म्हणजे कप फुटल्यासारखं होईल. या दोन्ही माझ्या यादीत दुकानाच्या खाती.

किती काढायच्या

कडी काढण्याआधी लॉकच्या काठाला बघा. बऱ्याच लॉकला बाजूला ओळीनं बारीक भोकं असतात. त्यातली स्प्रिंग पिन टोकदार हत्यारानं दाबून पुढच्या भोकात नेली की चेन दोन-तीन मिलिमीटरनं कमी-जास्त होते. एक कडी साधारण सात ते दहा मिलिमीटरची. म्हणजे थोडीशीच सैल असेल तर कडी काढायची गरजच नाही. हा उन्हाळा-हिवाळ्याचा फेरफार इथेच होतो आणि तो कोणीही घरी करू शकतो, फक्त एक काळजी घ्या: स्प्रिंग पिन दाबताना अंगठा सुटला तर ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाते. मी लॉक आणि दोन्ही हात एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून हे करतो. उडाली तरी पिशवीतच राहते.

कड्या काढायच्याच असतील तर दोन्ही बाजूंनी सारख्या काढा, म्हणजे लॉक मनगटाच्या खालच्या बाजूला मधोमध येतं. विषम संख्या असेल तर एका बाजूची एक जास्त काढून घालून बघा. लॉक हाडाकडे सरकत असेल तर दुसऱ्या बाजूची काढा. लॉक लावल्यावर करंगळी चेनखाली सहज शिरली पाहिजे, पण अंगठी फिरवावी तसं घड्याळ मनगटाभोवती गोल फिरता कामा नये. माप संध्याकाळी घ्या. आणि शंका असेल तर एक कडी कमीच काढा. सैल चेन दुसऱ्या दिवशी छोटी करता येते. आवळलेली चेन मोठी करायला तीच काढलेली पिन पुन्हा वापरावी लागते, आणि चिरलेली पिन दर वेळी थोडी ताण गमावते.

हरवलेला भाग

इथे लोक जास्त गोंधळतात, कारण दुकानात जाऊन "घड्याळाची पिन द्या" म्हटलं की समोरचा विचारतो, "कुठली?"

आधी शोधा. पिन जमिनीवर पडली असेल तर दिवे घालवा, मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा. बारीक वस्तूचीही लांब सावली पडते. लोहचुंबक फिरवून बघतात, पण घड्याळांत सर्रास वापरलं जाणारं ३१६एल स्टील चुंबकाला जवळपास दाद देत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. शिवाय काट्यांच्या घड्याळाजवळ चुंबक नको. व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर पातळ मोजा ताणून रबरबँड लावा आणि सोफ्याखाली, गालिच्यावर फिरवा. कॉलर, पिन, जे असेल ते मोज्याला चिकटून येतं. मी हरवलेली कॉलर अशीच दिवाणाच्या फटीतून काढली, पाऊण तासानं.

नाहीच सापडलं तर मापं घ्या. घड्याळाला पट्टा जोडणारी स्प्रिंग पिन हरवली असेल तर घड्याळाच्या दोन शिंगांमधलं, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं, आतलं अंतर मोजा: १८, २० किंवा २२ मिलिमीटर ही नेहमीची मापं. जाडी बहुधा १.५ किंवा १.८ मिलिमीटर. सेइकोच्या डायव्हर, म्हणजे पाण्यात खोल बुडी मारणाऱ्यांसाठीच्या घड्याळांत मात्र २.५ मिलिमीटरची जाड पिन येते, तिथे नेहमीची पातळ घातली तर घड्याळ खुळखुळतं आणि शिंगांची भोकं झिजतात. स्प्रिंग पिन मेन रोडला कुठल्याही घड्याळजींकडे किरकोळीत मिळते. एक नको, जोडी घ्या आणि दोन्ही बदला. एक झिजली असेल तर दुसरीचंही वय तेवढंच.

कड्यांच्या पिनेचं माप जरा नाजूक. बऱ्याच चेन घड्याळाजवळ रुंद आणि लॉककडे निमुळत्या होत जातात, २० मिलिमीटरवरून १८ किंवा १६ पर्यंत. म्हणजे प्रत्येक जागेची पिन वेगळ्या लांबीची. दुसऱ्या कडीची पिन बघून माप दिलं तर ती एका बाजूनं बाहेर राहील. जिथली हरवली त्याच कडीची रुंदी मोजा, पिन त्याहून केसभर आखूड घ्या. जाडी ०.८, ०.९, १ मिलिमीटर अशी बदलते आणि ०.१ च्या फरकानं पिन बसत नाही किंवा गळते. साध्या पट्टीनं हे मोजता येत नाही. नाशकात एक सोय मोठी आहे: सातपूर, अंबड किंवा ओझरला मशिनवर काम करणारं कोणी ना कोणी प्रत्येकाच्या ओळखीत असतं, आणि त्याच्या खिशात नाहीतर डब्यात व्हर्निअर असतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणाऱ्या त्या हत्यारानं शेजारच्या पिनेची जाडी एका मिनिटात कळते. ते आकडे कागदावर लिहा आणि मग ऑनलाइन मिळणारा वेगवेगळ्या लांबीच्या पिनांचा डबा मागवा, किंवा तोच कागद काकांसमोर ठेवा.

ऑनलाइन डबा की काकांचा ड्रॉवर? माप पक्कं असेल आणि घरी हत्यारं असतील तर डबा, कारण बाकीच्या पिना पुढे उपयोगी पडतात. माप पक्कं नसेल तर काका, कारण ते चार पिना लावून बघतात आणि पाचवी बसवतात. कॉलर हरवली असेल तर डब्यातली उचलू नका. पिन आणि कॉलर एकमेकींच्या जोडीनंच बसतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून जोडी मागवा.

कडीच हरवली असेल, म्हणजे काढलेल्या कड्यांची पुडी कुठेतरी गेली आणि आता मनगट भरलंय, तर सरसकट कुठलीही कडी चालत नाही. दिसायला सारखी असली तरी जाडी, मधल्या भागाची रुंदी, चमक यांत फरक पडतो. घड्याळाच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आणि चेनच्या आत, लॉकवर किंवा घड्याळाला टेकणाऱ्या टोकाच्या कडीवर कोरलेला नंबर, दोन्हींचे फोटो काढा. कॅसिओच्या पाठीवर चौकटीतला चार आकडी नंबर असतो तो आतल्या यंत्राचा. चेनसाठी मॉडेल नंबर द्यावा लागतो. चालू मॉडेल असेल तर सर्व्हिस सेंटर कडी मागवून देतं, थोडे दिवस लागतात. जुनी वापरलेली चेन ऑनलाइन मिळते, तीतून कड्या काढता येतात, पण नंबर जुळल्याशिवाय पैसे टाकू नका.

आणि वडिलांचं एचएमटी असेल तर? १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरूत सुरू झालेला त्या घड्याळांचा जुना कारखाना कधीच बंद झालाय, तेव्हा मूळ चेनची कडी नवी मिळायची आशा धरू नका. जुन्या घड्याळजींच्या डब्यात एखादी मिळते, आणि तिच्यासाठी मेन रोडला दोन खेटे घालावे लागले तरी घाला. तोवर त्या घड्याळाला साधा चामड्याचा पट्टा लावून ते वापरात ठेवा. मूळ चेन जपून ठेवा, फेकू नका, पॉलिश तर मुळीच करू नका.

भाच्याच्या घड्याळाला आतून बाण निघाले. पहिली पिन बाहेर आली ती चिरलेली. परातीत रुमालावर आम्ही दोघांनी मिळून केलं. एका बाजूच्या दोन कड्या, दुसऱ्या बाजूची एक, आणि लॉक एका भोकानं आत. ताई सगळा वेळ दारात उभी होती. संध्याकाळी घालून बघितलं, सकाळी गार मनगटावर पुन्हा, आणि लॉक एक भोक परत बाहेर घेतलं. काढलेल्या तीन कड्या आणि दोन जादा पिना छोट्या झिप पिशवीत घालून, वर मॉडेल नंबर लिहून, वॉरंटी कार्डाच्या पाकिटाला स्टेपल केल्या. पाकीट ताईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली.